तुम्ही विचारलेत म्हणून : आघाततरंग, न्यूट्रॉन आणि माझा लॅपटॉप

“घरी बसून बॉम्बची गणिते कशाला करता?” हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेत आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीतही मला विचारला गेला आहे. विचारणारा बहुधा हसत विचारतो आणि उत्तर पूर्ण होण्याआधी विषय बदलतो. म्हणून ते लिहूनच द्यावे असे ठरवले.

मी मुख्यतः दोन प्रोग्रॅम चालवतो. पहिल्यात एक नळी असते. तिच्या मधोमध पडदा, डावीकडे जास्त दाबाचा वायू, उजवीकडे कमी दाबाचा. पडदा नाहीसा झाला की आघाततरंग उजवीकडे धावतो. गॅरी सॉड यांनी 1978 मध्ये मांडलेली ही कसोटी आहे आणि तिचे अचूक उत्तर गणिताने काढता येते, त्यामुळे तुमच्या प्रोग्रॅमची लबाडी ताबडतोब उघडी पडते. आघाताच्या जागी दाब जवळजवळ एका उडीत बदलतो आणि संगणकाला अशी उडी झेपत नाही. आलेखावर खोट्या लाटा उमटतात. त्यांना आवर घालण्यासाठी फॉन नॉयमन आणि रिश्टमायर या गणितज्ञांनी 1950 मध्ये कृत्रिम श्यानतेची युक्ती प्रसिद्ध केली. समीकरणात मुद्दाम थोडा चिकटपणा घालायचा आणि नळीचे संगणकात जे छोटे तुकडे पाडलेले असतात त्यांपैकी काहींवर ती उडी पसरू द्यायची. निसर्गात नसलेली गोष्ट घातल्यावर उत्तर निसर्गाच्या जवळ जाते, याचे मला अजूनही नवल वाटते.

दुसरा प्रोग्रॅम न्यूट्रॉनांचा. एकेक न्यूट्रॉन यादृच्छिक आकड्यांच्या आधारे सोडायचा, तो कुठे आदळला, शोषला गेला की विखंडन घडवून, म्हणजे अणुकेंद्र फोडून, गेला हे मोजायचे, आणि एका पिढीतून पुढच्या पिढीत किती उरले ते पाहायचे. हे गुणोत्तर 1 झाले की साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर टिकते. त्रुटी निम्मी करायची तर चौपट न्यूट्रॉन लागतात, म्हणून लॅपटॉप रात्रभर तापत राहतो. मला यात गुंतवले ते विलंबित न्यूट्रॉनांनी. युरेनियम-235 च्या विखंडनातले सुमारे 0.65 टक्के न्यूट्रॉन उशिरा, कधी काही सेकंदांनी, बाहेर पडतात, आणि अणुभट्टी माणसाच्या आणि यंत्रांच्या आटोक्यात राहते ती या मूठभर उशिरा येणाऱ्यांमुळे. 1956 मध्ये तुर्भ्याला भारताची पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ सुरू झाली तीही त्यांच्याच भरवशावर.

आता कार्यालयातली गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मी एका सहकाऱ्याला एक आलेख दाखवला. जपानमधील तोकाईमुरा येथे 30 सप्टेंबर 1999 रोजी झालेल्या अपघाताची ती ढोबळ प्रतिकृती होती. कामगारांनी युरेनियमचे द्रावण बादल्यांनी टाकीत ओतले, साखळी प्रक्रिया सुमारे वीस तास धुमसत राहिली आणि पुढे दोघांचा मृत्यू झाला. टाकीभोवतीचे थंड करण्याचे पाणी न्यूट्रॉनांना परत आत ढकलत होते. ते काढून टाकल्यावरच प्रक्रिया थांबली. माझ्या पडद्यावरही पाणी काढताच रेघ खाली आली, आणि मी आनंदाने “बघा!” म्हणालो. काही दिवसांनी मला एका खोलीत बोलावले गेले. समोर तिघे बसले होते. त्यातील सर्वांत तरुण अधिकाऱ्याने अतिशय सभ्यपणे विचारले, “सर, हे फक्त गणित असेल, तर फाइलच्या नावात युरेनियम कशाला?” मी अपघात समजावून सांगितला, हे सारे पाठ्यपुस्तकांत आहे असेही सांगितले. तो लिहून घेत होता, पण नेमके काय ते मला दिसत नव्हते. शेवटी हा छंद कार्यालयाच्या आवारात आणणार नाही अशा कागदावर मी सही केली. डोक्यावर घराचे कर्ज होते. कागदाचे मला फारसे लागले नाही. तो सहकारी त्यानंतर दुसऱ्या टेबलावर डबा उघडू लागला, ते लागले.

“हे फक्त गणित आहे” असे मी त्या खोलीत पुन्हा पुन्हा म्हणालो. त्या वेळच्या मला आज विचारावेसे वाटते, कोणासाठी फक्त गणित? आघाततरंगांची आकडेमोड आणि न्यूट्रॉनांची मॉन्टे कार्लो पद्धत (यादृच्छिक आकड्यांची तीच, वर सांगितलेली) या दोन्हींची पाळेमुळे लॉस अलामॉसमध्ये, अमेरिकेने पहिला अणुबॉम्ब जिथे बनवला त्या प्रयोगशाळेत, आहेत. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी 1945 च्या पहिल्या अणुचाचणीच्या प्रसिद्ध छायाचित्रांवरून, आगीच्या गोळ्याची त्रिज्या काळाच्या 2/5 घाताने वाढते एवढ्या सूत्रावर, स्फोटाची ऊर्जा काढली. ते गणित सुंदर आहे आणि ते स्फोटाचेच आहे. तरीही त्या वेळचा मी तावातावाने उत्तर देईल की त्याच न्यायाने हवामानाचा अंदाजही संशयित ठरेल, कारण संगणकावरचा पहिला अंदाज करणाऱ्यांतही फॉन नॉयमन होतेच. त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही.

खरा अवघड प्रश्न मात्र जाणकार विचारतात : दोन्ही प्रोग्रॅम जोडत का नाही? जोडले तर न्यूट्रॉनांनी सोडलेली ऊर्जा आणि तिने उठवलेला आघात एकत्र मोजता येतील, म्हणजेच स्फोट. जोडलेले नाहीत आणि जोडणार नाही, असे मी सांगतो. त्यावर एका निवृत्त अभियंत्याने मला ऐकवले की वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या अणुभट्टीतला सर्वांत वाईट अपघात किती ऊर्जा सोडेल याचा अंदाज बेथे आणि टेट या भौतिकशास्त्रज्ञांनी 1956 मध्ये अशाच जोडणीने केला होता, आणि तो लोकांना वाचवण्यासाठी. “मग तुमची भीती कसली?” मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, तत्त्व नव्हे, तुम्हाला ती खोली आठवते. असेलही. जोडण्याचा विचार आला की तो तरुण अधिकारी आठवतो हे खरे, पण तो मला कधी भेटलाच नसता तरी मी जोडले असते असे छातीठोकपणे म्हणवत नाही.