स्कॅनमध्ये दिसतं का?

"चित्रं काढून मेंदूत फरक पडतो म्हणता, मग स्कॅनमध्ये दिसतं का?" अकरा वर्षं आर्ट थेरपी करतेय, आणि पेशंटच्या घरचे, डॉक्टर, माझा सख्खा भाऊ, सगळे हेच विचारतात. सूर असा, की माझं काम थोतांड तर नाही ना. राग येतो. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

दिसतं. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी २६ जणांच्या कपाळाला सेन्सरची पट्टी बांधून त्यांना रंग भरायला, रेघोट्या मारायला, मनातलं चित्र काढायला दिलं. तिन्ही वेळा कपाळामागच्या भागात रक्तप्रवाह वाढला. २०१७ सालचा हा अभ्यास. पण ती माणसं धडधाकट होती, आणि निष्कर्ष सगळ्यांचा मिळून होता, एकेकाचा नाही.

हे शेवटचं वाक्य मी एकदा गिळलं.

एका भाषणात पडद्यावर लाल-पिवळे ठिपके असलेला मेंदू दाखवत होते. समोर एक मावशी होत्या. काकांची उजवी बाजू गेलेली, वाचाही. माझ्याकडे ते डाव्या हातात तेलखडू धरायचे. चार महिने नुसत्या उभ्या निळ्या रेघा. मग एका मंगळवारी त्यांनी निळा खडू खाली ठेवला, डब्यात बराच वेळ बोट फिरवलं, हिरवा उचलला आणि एका रेघेला फांदी काढली. मावशींना मी तो कागद दाखवला होता. भाषणानंतर त्यांनी विचारलं, "स्कॅनमध्ये येईल का हे?"

"येऊ शकतं," मी म्हणाले.

महिन्याभराने त्या मोठं पाकीट घेऊन आल्या. पदरचे पैसे घालून काकांचा एमआरआय केला होता. रिपोर्टमध्ये जुनी इजा, बाकी काही नाही. साध्या एमआरआयमध्ये मेंदूची ठेवण दिसते, त्याचं काम चाललेलं दिसत नाही. मला हे माहीत होतं.

"म्हणजे काहीच झालं नाही ना?" मावशी म्हणाल्या. काका शेजारीच बसले होते. त्यांना सगळं कळत होतं. पुढच्या मंगळवारी दोघं आले नाहीत, नंतरही नाहीत.

पुरावा दाखवल्याशिवाय डॉक्टर पेशंट पाठवत नाहीत, असं तेव्हा मी स्वतःला समजवायचे. ते आजही खरं आहे. अभ्यास व्हायलाच हवेत, काकांसारख्यांवर व्हायला हवेत. म्हणून तो पडदा मी अजून लावते.

परवा एका मुलाने वडिलांचा एमआरआय करू का विचारलं. नको म्हटलं. "मग समजायचं कशावरून?" मी वडिलांचे कागद तारखेप्रमाणे पुढे मांडले. त्याने दोन पाहिले आणि घड्याळाकडे बघितलं.