तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रँट मिळाली तर आधी कोणतं मशीन घ्यायचं?

बायोटेक, मायक्रो शिकवणारे बरेच जण मला हे विचारतात, की मॅडम, डिपार्टमेंटला ग्रँट येतेय, आधी कोणतं इन्स्ट्रुमेंट घेऊ? आणि विचारतानाच मनात फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी मोजणारं मशीन) नाहीतर कॉन्फोकल मायक्रोस्कोप ठरलेला असतो. माझं म्हणणं एकच, जे मशीन बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री सगळ्यांची पोरं रोज वापरतील ते आधी घ्या.

म्हणजे चांगला रेफ्रिजरेटेड सेंट्रीफ्यूज (नमुना थंड ठेवून गरगर फिरवणारा), जेल डॉक (जेलवरच्या डीएनएचा फोटो काढणारा), नॅनोड्रॉप (थेंबभर नमुन्यातलं डीएनए मोजणारा), रियल टाइम पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवतानाच मोजणारा), उणे ८० अंशाचा फ्रीझर. उद्घाटनाच्या फोटोत भारी दिसत नाहीत, पण काम यांच्यावरच चालतं. वर्षाला चार सॅम्पल टीईएमला (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला) जाणार असतील तर ती पवईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात पाठवा, ही केंद्रं बाहेरच्यांसाठी पण आहेत, आणि २०२० ला आलेल्या आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर कुठे कोणतं मशीन आहे ते बघून बुकिंग करता येतं.

किंमत बघताना फक्त मशीनची बघू नका हो. काही मशीन स्वस्त मिळतात पण कार्ट्रिज, किट सगळं त्याच कंपनीचं लागतं, मग दोन वर्षांनी रीएजंटला पैसे नाहीत म्हणून मशीनवर कव्हर पडतं, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय आणि फार वाईट वाटतं. वॉरंटीनंतरच्या सीएमसीचे (पार्टसकट देखभालीच्या कराराचे) दर टेंडरमध्येच लिहून घ्या, एएमसीत (साध्या वार्षिक देखभाल करारात) पार्टचे पैसे बहुतेक वेळा वेगळे लागतात. आणि ऑनलाइन यूपीएस, एसी, अर्थिंग हे प्रपोजलमध्येच धरा, उणे ८० चा फ्रीझर खोलीत केवढी गरमी सोडतो ते उन्हाळ्यात कळतं.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. काही कॉलेजांत मशीन काचेच्या केबिनमध्ये असतं आणि पोरांना बाहेरून दाखवतात, बिघडेल म्हणून. अहो पण एमएस्सी करून बाहेर पडलेल्या मुलीने एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) स्वतः कधी चालवलाच नसेल तर फार्मा कंपनीत इंटरव्ह्यूला ती काय सांगणार? आमच्याकडे ट्रेनिंगची सुरुवात कॉलम, म्हणजे एचपीएलसीतली घटक वेगळे करणारी नळी, धुण्यापासून होते. फॉस्फेट बफर (मीठ असलेलं द्रावण) चालवल्यावर थेट ऑरगॅनिक सॉल्व्हंट, म्हणजे अ‍ॅसिटोनायट्राइल सोडायचं नाही, मीठ खाली बसतं, कॉलम चोंदतो, पंपाचे सील जातात, म्हणून आधी बफर नसलेलं पाणी मिसळलेलं मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) बराच वेळ, मग हळूहळू ऑरगॅनिक सॉल्व्हंट वाढवायचं, आणि तेवढा वेळ मुलीने स्क्रीनवरचं प्रेशर बघत थांबायचं. प्रेशर चढायला लागलं की ती स्वतः फ्लो कमी करते, कुणाला हाक मारत नाही. असं शिकलेल्या पोरांच्या हातून मशीन सहसा बिघडत नाही, बिघडतं ते घाईघाईत येऊन लॉगबुक न भरता जाणाऱ्यांच्या हातून.

यासाठी एक पगारी टेक्निकल माणूस मात्र हवाच. प्राध्यापकाने लेक्चर, पेपर तपासणी, नॅकचं (कॉलेजच्या मूल्यांकनाचं) काम सांभाळून हे होत नाही. ग्रँटमधून पगार निघत नसेल तर मॅनेजमेंटकडून आधीच लेखी घ्या, बाहेरच्या सॅम्पलची जी फी येते ती पण याच कामाला राहील हे त्यातच घालून घ्या.

आणि प्रपोजल लिहायच्या आधी शेजारच्या कॉलेजला एक फोन करा. त्यांच्याकडे एचपीएलसी असेल तर तुम्ही रियल टाइम पीसीआर घ्या, आणि दोघांची पोरं दोन्हीकडे जातील असं आत्ताच ठरवून टाका.