ब्रूडरमधलं तापमान आणि हलकी वजनं

विट्याकडं आमची लहानशी पोल्ट्री आहे. नवीन पिल्लं उतरली की पहिला आठवडा ब्रूडरखाली, म्हणजे बल्बच्या उबेत, ३३-३५ अंश ऊब लागते, म्हणून वडील रात्रीतून तीन-चारदा उठून थर्मामीटर बघतात. त्यांची झोपमोड वाचावी म्हणून मी आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आणि एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर आणला. हा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. त्या व्होल्टेजचा आकडा करायचं काम उनोच्या चिपमधल्या एडीसीचं.

एडीसी म्हणजे वाण्याचा जुना तराजूच. एका पारड्यात सेन्सरचं व्होल्टेज, दुसऱ्यात आधी सगळ्यात मोठं वजन, ५१२. जास्त झालं तर काढायचं, नाहीतर राहू द्यायचं. मग २५६, १२८, असं करत १ पर्यंत. दहा वजनं लावून झाली की पारड्यात उरलेल्यांची बेरीज म्हणजे आकडा. हे सगळं साधारण ०.१ मिलिसेकंदात!

घरी लॅपटॉपला जोडून झकास चाललं. शेडमध्ये मोबाईलच्या चार्जरवर लावलं, तर स्क्रीनवर ३३.७. मी खूश.

"तुझा आकडा राहू दे, पिल्लं बघ," वडील म्हणाले.

पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून ढीग करून बसली होती. म्हणजे गारठलेली. थर्मामीटरवर ३१. वडिलांनी न बोलता एक बल्ब वाढवला.

मी सेन्सर बदलला, तरी तेच. दोन दिवसांनी सुचलं आणि मल्टिमीटर ५ व्होल्टच्या पिनला लावला. ४.६! स्वस्तातला चार्जर, त्यात लांब केबल. एडीसीची वजनं याच व्होल्टेजवरून पाडलेली असतात. वजनंच हलकी, तर मोजताना ती जास्त लागणार. ३१० मिलिव्होल्टला ६३ यायला हवेत, तिथं ६९ येत होते.

प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलून वजनं पाडायला ५ व्होल्टच्या पिनऐवजी चिपच्या आतला १.१ व्होल्टचा संदर्भ घेतला. चार्जर कसाही असला तरी हा ढळत नाही. शिवाय एकेक पायरी आधी अर्ध्या अंशाची होती, ती आता ०.१ अंशाची झाली. मात्र हे १.१ चिपगणिक थोडं वेगळं असतं, त्यामुळे थर्मामीटरशी एकदा जुळवावं लागलं. आकडा नाचायचा, त्यावर १६ वाचनांची सरासरी पुरली.

आता दोन्ही जुळतात. थर्मामीटर मात्र वडील अजून काढू देत नाहीत.