व्हिडिओवाला निवडताना आधी ऐकून बघा

भाचीच्या लग्नाचं व्हिडिओचं काम कोणाला द्यायचं, हे ताईनं माझ्यावर सोपवलं. आमच्याकडे मंगलाष्टका मी म्हणते. मुहूर्ताला बोहल्याशेजारी माइक धरून मीच उभी असते, त्यामुळे व्हिडिओवाले काम कसं करतात हे अगदी हाताच्या अंतरावरून बघत आलेय.

एक सल मनात आहे, तो आधी सांगते. नात्यातल्या एका लग्नात आमच्या आत्याबाईंनी स्वतः रचलेलं कडवं म्हटलं होतं. त्यात कुलदेवतेचं नाव होतं, मुलीच्या पणजीचं होतं, गावच्या नदीचंही होतं. वय झालं होतं, पण आवाज खणखणीत. फिल्म आली तेव्हा पडद्यावर आत्याबाईंचे ओठ हलत होते आणि वर सिनेमातलं गाणं वाजत होतं. मूळ आवाज मागितला तर तो ठेवलाच नव्हता. आत्याबाई आता नाहीत. ते कडवं कोणाकडे लिहिलेलंही नाही.

म्हणून या वेळी मी कोणाचाही टीझर बघायचं नाही असं ठरवलं. तीन मिनिटांचा टीझर सगळ्यांचाच देखणा असतो. ड्रोनमधून मांडव, स्लो मोशनमध्ये उडणाऱ्या अक्षता, नवरीच्या पैंजणांचा क्लोजअप, हे बघून माणूस कळत नाही. मी प्रत्येकाकडे एकच मागितलं: एका लग्नाचं मुहूर्तापासून सप्तपदीपर्यंतचं सलग चित्रण दाखवा. काहींनी दाखवलं, काहींनी विषय बदलला. जे मिळालं ते कानात इअरफोन घालून, आधी नुसतं ऐकलं.

ऐकलं की लगेच कळतं. नुसत्या कॅमेऱ्याच्या माइकवर भिस्त असेल तर हॉलचा घुमारा, पंख्याची घरघर आणि शेजारच्या बाईचं जेवणाबद्दलचं बोलणं स्पष्ट येतं, गुरुजी मात्र विहिरीतून बोलल्यासारखे वाटतात. चांगला माणूस साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट लाइन घेतो, गुरुजींच्या उपरण्याला छोटा कॉलर माइक लावतो आणि बोहल्याजवळ वेगळा रेकॉर्डरही ठेवतो. मिक्सरमध्ये फक्त माइकवर बोललेलं येतं. मामा नवरीच्या कानाशी काय पुटपुटला किंवा कानपिळीच्या वेळी मेव्हण्यानं काय मागितलं, ते रेकॉर्डरच पकडणार. शिवाय एक बिघडलं तर दुसरं असतं.

संकलनाचंही तसंच. मंगलाष्टकांचं वृत्त शार्दूलविक्रीडित: ओळीत १९ अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबायची जागा. एकानं दृश्य बदलायचं म्हणून सातव्या-आठव्या अक्षरावरच ओळ कापली होती. चित्र खुशाल बदला, पण आवाज सलग राहू द्या, एवढं भान संकलकाला हवंच.

ज्याला काम दिलं तो आमच्या नाशिकचाच तरुण मुलगा. बोलणी करायला आला तेव्हा त्यानं पैशांच्या आधी विचारलं, "काकू, अंतरपाट कोण धरणार? आणि मामा नवरीला कोणत्या बाजूनं आणणार?" मला तिथंच तो पटला. 'तदेव लग्नं' झालं, अंतरपाट दूर झाला की पुढच्या दोन-तीन सेकंदांत दोघांच्याही चेहऱ्यावर जे उमटतं ते परत घडवता येत नाही. एकाच कॅमेऱ्यात दोन समोरासमोरचे चेहरे मावत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक हवा. त्यातही पहिल्या रांगेतले पाहुणे नेमके तेव्हाच मोबाइल वर करून उठतात, म्हणून तो कॅमेरे थोडे उंचावर लावतो.

दुसरं त्यानं सांगितलं ते दिव्यांबद्दल. स्टेजवर जांभळे-निळे दिवे असले की चेहऱ्याची हळद मळकट दिसते, नंतर कितीही दुरुस्ती करा. विधींपुरते ते बंद ठेवायला आम्ही लॉन्सवाल्यांना सांगितलंय. स्वस्त एलईडी कॅमेऱ्यात लुकलुकतात, म्हणून तो आदल्या दिवशी शटर जुळवून बघणार आहे.

ड्रोन भाचीला हवा होता. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि ती जागा कोणत्या झोनमध्ये येते हे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर बघावं लागतं. नाशकात देवळालीचा लष्करी भाग आहे, ओझरचा विमानतळ आहे. "होईल सगळं मॅनेज" म्हणणाऱ्याला मी तिथंच नको म्हटलं. ड्रोन रद्द केला आणि त्या पैशांत हळदीच्या दिवशी एक माणूस जास्तीचा घेतला. घाणा भरताना बायका ज्या ओव्या म्हणतात, त्या मला हव्या आहेत. सासूबाईंना येणाऱ्या काही ओव्या मलाही पाठ नाहीत.

बाकीचं साध्या कागदावर लिहून घेतलं. फुटेज त्याच रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर जाईल, रॉ, म्हणजे न कापलेलं फुटेज आवाजासकट आम्हाला मिळेल, मंगलाष्टकांवर दुसरं कुठलंही संगीत चढवणार नाही, आणि शेवटचा हप्ता पूर्ण फिल्म हातात आल्यावर. ४के मध्ये ताशी ४५ जीबी सहज भरतं, म्हणून हार्ड डिस्क आम्हीच आणून देतोय.

साउंडवाल्याचा नंबर कालच त्याला पाठवलाय. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी दोघं मिळून वायर जोडून बघणार आहेत, आणि आवाज तपासायला मी एक कडवं म्हणून दाखवणार आहे.