झाडीतला बांध

बडोद्यात जमिनीची उंची मोजताना डोळा फार सहज फसतो, कारण शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून पस्तीस-चाळीस मीटरांच्या आसपास सपाट पसरलेला आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर दोन समोच्च रेषांमधला, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधला, फरक साधारणपणे 20 मीटर असतो. पूर कोणत्या गल्लीत शिरेल हे त्या नकाशावरून कळणे शक्य नाही. तरीही तो नीट वाचणाऱ्याला पुष्कळ सांगतो. नदीच्या दरडीशेजारी ‘आर’ अक्षर जोडलेले बारीक आकडे असतात, ते दरडीची पायथ्यापासूनची उंची दाखवतात, आणि बांध असेल तर त्याची खूण निराळी असते. आमच्या कामाच्या टापूत विश्वामित्री नदीच्या काठी दरडीचे आकडे होते, बांधाची खूण नव्हती. ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी पाहिली होती.

ऑगस्ट 2024च्या पुरानंतर निघालेल्या अनेक कामांपैकी हे एक. ड्रोनच्या छायाचित्रांवरून कार्यालयातील एका तरुण अभियंत्याने अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषांचा नकाशा तयार केला होता आणि ठिकठिकाणी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावून तो पडताळण्याचे काम माझ्याकडे होते. नकाशात नदीकाठाने एक लांबट उंचवटा होता, मागच्या सोसायटीपेक्षा अडीच मीटरांनी उंच. त्यावरून असा निष्कर्ष निघाला होता की काठ पुरेसा उंच आहे आणि पाणी आले ते पावसाळी कांसातून, म्हणजे पावसाचे पाणी नदीत नेणाऱ्या नाल्यातून, उलटे चढून.

त्या सोसायटीत एका मराठी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात पुराची रेघ अजून भिंतीवर होती. ओट्याच्या वर वीतभर, खाली मातकट आणि वर पांढरी. मी तिची उंची घेतली, ती 35.10 मीटर आली. नकाशातला उंचवटा 36.40चा होता. कांसाची गोष्ट मी त्या घरातल्या वहिनींना समजावून सांगू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “नाही हो दादा, कांस मागच्या बाजूला आहे. पाणी समोरून, झाडांतून आलं. आम्ही गच्चीवरून बघत होतो.”

समोर वेड्या बाभळीचे दाट रान होते. या नदीत मगरी आहेत, त्यामुळे काठाकडे जाताना आमचे दोघे मजूर काठ्या आपटत पुढे जातात आणि स्टाफ, म्हणजे आकडे असलेली उभी मोजपट्टी, धरणारा पाण्याच्या कडेला उभा राहायला तयार नसतो. त्याचे काही चुकत नाही. कोयत्याने वाट काढून आम्ही त्या तथाकथित बांधाच्या माथ्यावर पोचलो, तर पायाखाली उंचवटा नव्हताच. दुर्बिणीच्या नजरेची उंची 35.310, स्टाफवरचे वाचन 1.460, म्हणजे जमीन 33.850. नकाशापेक्षा दोन मीटर पंचावन्न सेंटिमीटर खाली!

अशा वेळी आधी स्वतःवर संशय घ्यायचा असतो. मी बेंचमार्कचा, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेचा, आकडा पुन्हा पाहिला, स्टाफची सांधणी तपासली आणि मोजणीची फेरी बेंचमार्कपर्यंत परत नेऊन मिटवली. 1.6 किलोमीटरच्या फेरीला आमच्या नियमाने 15 मिलिमीटरपर्यंत चूक चालते. माझी 6 निघाली. म्हणजे चूक नकाशात होती. ड्रोनच्या कॅमेऱ्याला झाडांचे शेंडे दिसले होते. झाडी विरळ असती तर मधूनमधून दिसणाऱ्या जमिनीवरून संगणकाने झाडे वगळली असती; इथे जमीन कुठेच दिसत नव्हती, म्हणून त्याने शेंड्यांनाच जमीन मानले.

अभियंत्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “काका, आपली अचूकता पाच सेंटिमीटरची आहे, अहवालात सगळे कंट्रोल पॉइंट जुळलेत.” ते खरे होते, आणि मला बोचते ते नेमके हेच, कारण ते पॉइंट, म्हणजे नकाशा ज्यांच्याशी ताडून पाहतात त्या मोजलेल्या खुणा, मी घातले होते. चुन्याच्या पांढऱ्या फुल्या वरून दिसल्या पाहिजेत आणि उपग्रहांचे संदेश मिळायला डोक्यावर आकाश मोकळे पाहिजे, म्हणून त्या रस्त्यांवर, मैदानात आणि पुलाच्या तोंडाशी होत्या. झाडीत एकही नव्हती. तिथे ती घालता येतच नाही. पण झाडीत लेव्हल आधी नेता आली असती. तेवढा दिवस देण्याची कुणाची तयारी नसते, आणि अहवालातली अचूकता संपूर्ण नकाशाची म्हणून वाचली जाते. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला एक दिवसही प्रत्यक्ष जागेवर स्टाफ धरायला न लावता संगणकापुढे बसवले गेले, हा दोष वरच्यांचा आहे.

माझ्या बाजूचा हिशेब याहून अवघड आहे. त्या उंचवट्यावरच्या रेषा गाठीगाठीच्या होत्या, लहान लहान बंद वर्तुळांच्या. नदीच्या गाळाची जमीन अशी फुगत नाही. ती उताराने जाते किंवा दरडीने तुटते. हे मला तीस वर्षांच्या सवयीने दिसले होते, जुन्या नकाशात बांध नाही हेही दिसले होते, आणि तरी मी दोन दिवस काही बोललो नाही, कारण नकाशा संगणकाने काढलेला होता आणि आकडे जुळलेले होते. वहिनी बोलल्या नसत्या तर कांसाचा निष्कर्ष माझ्या सहीनिशी पुढे गेला असता.

नंतर पाच दिवस रानात वाटा पाडून दर दहा मीटरांवर लेव्हल घेतली आणि 34 मीटरची रेषा हाताने पुन्हा काढली. ती आता वहिनींच्या सोसायटीच्या फाटकासमोरून जाते. याच पद्धतीने केलेल्या नकाशाच्या आणखी दोन शीट त्याआधीच पुढे गेल्या आहेत, आणि त्या काठांवरही हीच बाभूळ आहे. त्या परत मागवाव्यात असे मी लेखी कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.