लुव्हरमध्ये दलाक्रुआसमोर

पॅरिसच्या लुव्हर संग्रहालयात मोनालिसासमोरच्या गर्दीत ताटकळायचा कंटाळा आला आणि आम्ही त्याच विंगमधल्या मोठ्या फ्रेंच चित्रांच्या दालनात शिरलो. तिथे फ्रेंच चित्रकार दलाक्रुआचं 'क्रुसेडरांचा कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजच्या इस्तंबूलमध्ये) प्रवेश' हे चित्र आहे. उंची चार मीटरच्या वर, रुंदी जवळपास पाच. फोनमध्ये काही मावेना, नाद सोडला.

प्रसंग १२०४ चा. चौथं क्रुसेड, म्हणजे युरोपातल्या ख्रिश्चनांची धर्मयुद्धाची मोहीम, इजिप्तवर जाणार होतं. पण जहाजांचे पैसे व्हेनिसला द्यायला नव्हते. मग कर्ज, मग कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन राजघराण्यातल्या भांडणात उडी, आणि शेवटी ख्रिश्चनांनीच ख्रिश्चनांचं शहर लुटलं. फ्रान्सचा राजा लुई फिलिपने हे चित्र काढवून घेतलं ते व्हर्सायच्या क्रुसेड दालनासाठी, म्हणजे पराक्रमाचं कौतुक व्हावं म्हणून! १८४० मध्ये दलाक्रुआनं हातात काय ठेवलं, तर विजेत्यांचे चेहरे सावलीत. क्रुसेडरांचा एक नेता, फ्लँडर्सचा बाल्डविन, घोड्यावर आहे, पण जिंकल्याचा आनंद औषधालाही नाही. समोर एक म्हातारा हात पुढे करून दयेची भीक मागतोय. उजवीकडे खाली उघड्या पाठीची एक बाई दुसरीवर ओणवलेली. नजर तिथून हलतच नाही. मागे बॉस्फरसची सामुद्रधुनी निळीशार.

राजाला हे चाललं कसं, याचंच मला नवल. आमच्या ह्यांना मात्र घोडा आवडला.

घोड्यावरून आठवलं, त्या लुटीतले चार ब्राँझचे घोडे व्हेनिसच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये आहेत. अस्सल आत, बाहेर सज्जावर प्रतिकृती. कोणी पाहिले असतील तर कमेंटमध्ये फोटो टाका की!