उबिरच्या कातळावरचा जिताडा

आई अलिबागहून इथे ऑस्ट्रेलियात, डार्विनला आल्यापासून तिचं एकच पालुपद, मॉल नको दाखवूस गं. म्हणून शनिवारी पहाटे पाचला काकाडू नॅशनल पार्कमधल्या उबिरला निघालो, इथल्या आदिवासींची जुनी कातळचित्रं बघायला. एका बाजूचं अंतरच जवळपास ३०० किमी, एका दिवसात करू नये खरंतर, पण सुट्टी तेवढीच.

तिथे मोठा कातळ छपरासारखा पुढे आलाय आणि त्याखाली भिंतभर मासेच मासे, जुन्यावर नवीन काढलेले. एक्स-रे स्टाईल म्हणतात, म्हणजे माशाच्या पोटातलं, मधला काटा वगैरे सगळं दिसतं. आई दोन मिनिटं गप्प, मग एकदम, "अगं हा तर जिताडा!" मी म्हटलं नाही गं, बॅरामंडी आहे तो. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की बस.

वर उंचावर लाल गेरूत एक पट्टेवाला प्राणी आहे, चटकन दिसत नाही. थायलसीन, म्हणजे टास्मानियन टायगर. इथल्या मुख्य भूमीवरून तो साधारण ३००० वर्षांपूर्वीच गेला आणि टास्मानियातला शेवटचा १९३६ ला होबार्टच्या झूमध्ये मेला. काढणाऱ्याने मात्र बघूनच काढला असणार, पट्टे कमरेकडेच आहेत बरोब्बर.

आता नाहीसं व्हायची पाळी क्वोलची. हा इथला छोटा शिकारी प्राणी, मांजरापेक्षा लहान, अंगावर पांढरे ठिपके. १९३५ मध्ये उसातले किडे खायला म्हणून क्वीन्सलँडमध्ये केन टोड नावाचे विषारी बेडूक आणले, ते सरकत सरकत २००१ ला काकाडूत पोचले, आणि क्वोल त्यांना खातो नि विषाने मरतो. मग २००३ मध्ये ६४ क्वोल टोड नसलेल्या दोन बेटांवर नेऊन सोडले, तिथे चिक्कार वाढले. टोड खायचा नाही हे शिकवून २०१६ मध्ये काही परत आणले तर त्यांना डिंगोंनी, म्हणजे इथल्या रानकुत्र्यांनी, खाल्लं, कारण १३ पिढ्या बेटावर राहून डिंगोची भीतीच विसरलेले! आई म्हणाली, "आजोळी लाडावलेली पोरं, दुसरं काय."

येताना काहिल्स क्रॉसिंगला, नदी ओलांडतात तिथे, मगरी बघितल्या, लांबूनच.

जबिरू गावात नेटवर्क आल्यावर गूगल केलं. बॅरामंडी म्हणजे जिताडाच, तोच मासा. आईने फोटो लगेच मामीला पाठवला, मामीचा रिप्लाय, "ताजा दिसतोय, काय भाव?"